डोंगराचं नाव सांगणार नाही

गावाचं नाव मी सांगणार नाही. सुरगाणा तालुक्यात आहे, गुजरातची हद्द जवळ आहे, एवढं पुरे. डोंगराचं नाव तर मुळीच सांगणार नाही, उगाच विचारू नका. मागं एकदा एका डोंगराचं नाव सांगून बसले होते, त्याची शिक्षा झाडांनी भोगली. बाकी सगळं सांगते... अगदी मला लाज वाटावी असंसुद्धा.

गणपती जाऊन दोनच दिवस झाले होते. पाऊस आता मनाला येईल तेव्हा पाच मिनिटं यायचा, मग ऊन पडायचं आणि ओल्या गवताचा वास नाकात बसायचा. सोनकीनं पिवळ्याधम्मक झालेल्या त्या पठारावर मी सकाळपासून गुडघ्यांवर रांगत होते. गुडघे चिखलानं माखलेले, केसांत कुसळं. मी चैताली पगारे, वय अठ्ठावीस, राहणार नाशिकरोड, वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. करते. आईच्या शब्दांत सांगायचं तर, शिकून सवरून गवत उपटणारी.

आणि मला ते सापडलं. कंदीलपुष्प. वीतभर उंचीचं रोप, गवतात मिसळून जाणारी पानं आणि टोकाला एकच फूल. खाली फुगीर, मधे नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली... इवलासा कंदीलच. तीन पावसाळे मी ह्याच्यासाठी डोंगर पालथे घातले होते. आधी फोटो काढले. मग, आम्हाला शिकवलंय तसं, खुरपीनं माती सैल केली आणि खालच्या कंदासकट अख्खं रोप उचललं. ते दाबून वाळवायचं, कागदावर चिकटवायचं, खाली नाव-गाव-तारीख लिहायची, की झाला नमुना. नमुना नसेल तर आमच्या शास्त्रात कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही.

"लावा परत."

मी दचकून मागं पाहिलं. दुमडलेली पँट, खांद्यावर टॉवेल, हातात काठी, कानावर सुताराची जाड पेन्सिल. मागं दोन बैल. वय माझ्याएवढंच, फार तर दोन वर्षांनी जास्त. चेहरा एकदम शांत. शांत माणसांचा मला आधीच राग येतो.

"काय म्हणालात?"

"परत लावा म्हटलं. खरचुडी हे ती. अजून शेंग नाय धरली."

"ती काय आहे ते मला माहितेय. किती दुर्मिळ आहे ते तुम्हाला माहितेय का?"

"हां," तो म्हणाला. "लहानपणी लय खाल्ल्यात."

"खाल्ल्यात?"

"कंद गोड लागतो. काकडीवानी."

जिच्यासाठी मी तीन वर्षं पायाचे तुकडे पाडले, ती ह्या माणसानं काकडीसारखी मटकावली होती.

"तुम्हाला काही वाटत नाही असं सांगायला?"

"आम्ही दिवाळीला, वाघबारशीनंतर खणतो," तो म्हणाला. "बिया उडून गेल्यावर. खालचा अर्धा कंद घ्यायचा, वरचा अर्धा डोळ्यासकट परत मातीत ठेवायचा आणि टाचेनं दाबायचा. दुसऱ्या सालाला तिथंच उगवते." मग काठी माझ्या हाताकडं केली. "तुम्ही अख्खी काढली. तीपण फुलात असताना. आता कोणाला काय वाटाय पाहिजे?"

एरवी मला उत्तर सुचायला वेळ लागत नाही. घरी, कॉलेजात, रिक्षावाल्यांशी, कुठंही. त्या दिवशी मी मुकाट खुरपी उचलली. खड्डा होता तिथंच मी रोप परत लावलं. त्यानं माझी पाण्याची बाटली न विचारता घेतली, अर्धी त्याच्यावर ओतली आणि अर्धी स्वतः प्याला.

"आता जगेल?"

"पंधरा दिसांनी येऊन बघा."

"आणि मेली असेल तर?"

"तर शिव्या खायला या."

हसला नाही मेला. नुसते डोळे हसल्यासारखे झाले आणि बैल घेऊन निघून गेला. मी डोंगर उतरेपर्यंत त्याला नावं ठेवली. नाशिकला द्वारकेच्या सिग्नलला एसटी अर्धा तास अडकली, तेव्हाही मनातल्या मनात मी त्याच्याशी भांडतच होते. मग लक्षात आलं की ज्याला एवढी नावं ठेवतेय त्याचं नावही आपल्याला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवत फोटो शिरोडे सरांना दाखवले. सर म्हणजे माझे गाईड. त्यांचे डोळे चमकले. "कुठं मिळालं?" मी म्हणाले, "सर, अजून खात्री करतेय." आणि मग बाहेर येऊन नेहमीच्या सवयीनं विभागाच्या रजिस्टरमधली माझी ओळ पुरी केली: तारीख, गावाचं नाव, जाण्याची वेळ निघतानाच लिहिलेली, आता येण्याची वेळ. मुली एकट्या रानात जातात, काही झालं तर शोधता यावं म्हणून ते रजिस्टर ठेवलेलं. पाच वर्षं लिहितेय. हात आपोआप चालतो.

पंधरा दिवसांनी सुरगाण्याच्या जीपस्टँडवर उतरले. समोरच्या जीपमध्ये स्टेअरिंगवर तोच.

"या, शिव्या खायला," तो म्हणाला.

"आधी बघू तरी द्या."

मला पुढं बसवलं. मागं बारा माणसं, दोन कोंबड्या आणि नागलीचं पोतं. माझ्या शेजारी एक जाडजूड मावशी, त्यामुळं मी जवळजवळ गियरवरच.

"पाय जरा... गियर टाकायचाय."

"टाका की. मी काय धरून ठेवलाय?"

मागून कोणीतरी खोकलं. त्याचे कान लाल झाले आणि मला फार बरं वाटलं. नाव विचारलं तर म्हणाला, जयराम भोये.

"जयराम? हे तर आजोबांचं नाव वाटतं."

"आजोबाचंच हे. त्यांनी दिलं, मी परत नाय केलं."

घाटाच्या वळणावर त्यानं अचानक ब्रेक मारला. मला वाटलं, गुरं आडवी आली. तर रस्त्याच्या कडेला ओल्या दगडावर एक करडा-पांढरा पक्षी शेपूट खालीवर हलवत तुरुतुरु चालत होता.

"धोबी," जयराम हळूच म्हणाला. "आज आला. हिमालयाच्या पलीकडून येतो. गेल्या साली चार दिस उशीर केला होता."

बारा माणसांनी भरलेली जीप एका पक्ष्यासाठी थांबली होती आणि कोणी हूं की चूं करत नव्हतं. सवय असावी. शेवटी मावशीच म्हणाली, "झाला का बघून? मला भात टाकायचाय." त्यानं कानावरची पेन्सिल काढली, समोरच्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि जीप सुरू केली. मी त्याच्या हाताकडं बघत होते. जाड बोटं, नखांत ग्रीस आणि अक्षर मात्र शाळेतल्या हुशार मुलीसारखं.

पठारावर माझं रोप पिवळं पडून मान टाकून बसलं होतं. मी तोंड फिरवलं, कारण ह्या माणसासमोर रडायचं नाही हे मी जीपमध्येच ठरवलं होतं. जयराम खाली बसला. बोटानं माती उकरून कंद चाचपला आणि माझं बोट धरून तिथं टेकवलं.

"घट्ट हे ना? म्हणजे जिवंत हे. वरचं गेलं. आता पुढच्या पावसाळ्यालाच कळेल, उगवते का नाय ते."

कंद घट्ट होता. माझं बोट त्यानं दोन सेकंद जास्त धरलं होतं, हेही मला कळलं.

त्याच्या घरी त्याच्या आईनं, कुसाबाईंनी, नागलीची भाकरी आणि भोपळ्याच्या पानांची भाजी वाढली. माझं लक्ष मात्र भिंतीकडं. ओळीनं नऊ कॅलेंडरं टांगलेली. खताच्या दुकानाची, बियाण्यांच्या कंपनीची, पतसंस्थेची. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं बारीक अक्षरं. 'सोनकी फुलली.' 'कारवीला कळ्या.' 'धोबी आला.' 'खरचुडीला शेंगा, एकशे बारा मोजल्या.' 'भेकर भुंकलं, ओढ्याकडं.' 'बिया उडाल्या, वारा पश्चिमेचा.' नऊ वर्षं. एक दिवससुद्धा कोरा नाही. दहावं, ह्या वर्षीचं कॅलेंडर, कोपऱ्यात होतं आणि त्यावर टॉवेल टाकलेला होता.

"हे सगळं तुम्ही का लिहिता?"

"बघितलं तर लिहाय पाहिजे ना," तो म्हणाला. "नायतर कोण म्हणणार की बघितलं."

"आणि पेन्सिलीनं का?"

"चूक झाली तर खोडता येते."

तुम्हाला म्हणून सांगते, माझा जीव तिथंच जडला. डोळ्यांवर नाही, कानावरच्या पेन्सिलीवर नाही. एकशे बारा शेंगा मोजणाऱ्या माणसावर जडला. माझ्या कॉलेजात सहाजण मिळून वर्षाला एवढ्या नोंदी करत नाहीत.

त्या दिवशी उतरताना मी त्याला ती जुनी गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुर्मिळ झाडावर सरांचा पेपर छापून आला होता. त्यात डोंगराचं नाव, नकाशा, जागा, सगळं. तिसरं नाव माझं. मी पेढे वाटले होते. पुढच्या पावसाळ्यात गेले तर त्या उतारावर नुसते खड्डे. हौसेनं कुंडीत झाडं लावणाऱ्यांना असलं काही विकत मिळालं तर हवं असतं, आणि खणून आणून देणारेही असतात. मी चाळीसपर्यंत खड्डे मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं.



"हा डोंगर कोणाला सांगणार नाही," मी म्हणाले. "माझ्याकडून कोणाला कळणार नाही. शब्द देते."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. पण पुढं उतार निसरडा होता तिथं त्यानं हात पुढं केला, आणि उतार संपल्यावरही मी तो सोडला नाही.

पुढचे दोन रविवार मी गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो, कोणी आधी सुरुवात केली त्यावर अजून वाद आहे. पाऊस संपला होता. सकाळी गवतावर कोळ्यांची जाळी दवानं पांढरी व्हायची, खुरासणीची शेतं पिवळी झाली होती, आणि सोनकी हळूहळू वाळायला लागली होती. आम्ही शेंगा मोजायचो. खरचुडीची शेंग जोडीनं येते, दोन बारीक शिंगं असावीत तशी. त्याचा आकडा आणि माझा आकडा कधी जुळायचा नाही, मग परत पहिल्यापासून मोजायचं.

"तू मुद्दाम चुकतोस," मी म्हणाले.

"हां."

"कशाला?"

तो माझ्या ओढणीला चिकटलेली कुसळं एक एक करून काढत बसला. पंधरावीस तरी असतील. मी अगदी हललेसुद्धा नाही.

"धोबी होळीनंतर परत जातो," मधेच तो म्हणाला.

"मग?"

"काय नाय. सांगितलं."

त्यानंतर मात्र सरांनी मला कामाला जुंपलं. एका रविवारी परीक्षेची देखरेख, दुसऱ्या रविवारी कुठल्याशा परिषदेची व्यवस्था. जयरामच्या गावात फोनला रेंज नाही. जीपस्टँडवर असला तर लागणार, नाहीतर नाही. मी रोज लावायचे, तो रोज लागायचा नाही. वाघबारशीला मात्र येणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

वाघबारशीच्या आदल्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. नाकाची साल निघालेली, एक पाय स्टुलावर.

"मी स्वतः जाऊन आलो परवा," ते म्हणाले.

"कुठं सर?"

"तुझ्या त्या गावाला. तू सांगत नव्हतीस, म्हणून रजिस्टर बघितलं. दर वेळी एकच गाव." त्यांनी पाय चोळला. "स्टँडवर एका जीपवाल्याला म्हटलं, आमची चैताली पगारे येते ना, त्या झाडाच्या जागी ने. तो म्हणाला, बसा. गाढवानं पाच तास चढवलं मला. वर काय, तर साग आणि माकडं."

मला आधी हसू आलं. जयरामनं त्यांना भलत्याच डोंगरावर नेलं होतं. आणि लगेच हसू विरलं. माझं नाव सांगून हा माणूस गेला. मी शब्द दिल्याला महिनासुद्धा झाला नव्हता. जयरामला काय वाटलं असेल? आणि गावाचं नाव तर मीच लिहिलं होतं, माझ्याच हातानं, सहीसकट.

"सोमवारपर्यंत मला दहा रोपं पाहिजेत, कंदासकट," सर म्हणाले. "आणि नकाशावर नेमकी जागा. डिसेंबरच्या आत पेपर गेला पाहिजे."

जयरामला विचारून काढलेले त्याच्या कॅलेंडरांचे फोटो मी मोबाईलवर उघडून त्यांच्यासमोर ठेवले. "सर, हे बघा. नऊ वर्षांच्या नोंदी. कधी उगवलं, कधी फुललं, किती शेंगा, वारा कुठला. एवढं कोणाकडं नाही. ह्यावर पेपर करू. एकही रोप न उपटता. आणि जागेचं नाव न देता."

सरांनी चष्मा वर केला. "हे काय आहे? खताच्या दुकानाचं कॅलेंडर?"

"हो."

"कोणी लिहिलंय?"

"ज्या गाढवानं तुम्हाला पाच तास चढवलं, त्यानं."

सर हसले. अगदी मनापासून हसले, त्याचाच मला जास्त राग आला. "म्हणजे पेपरवर जीपवाल्याचं नाव? तुझ्या नावाच्या शेजारी?"

"शेजारी नाही सर. आधी. भोये, मग पगारे."

मग ते हसायचे थांबले. फेलोशिपच्या मुदतवाढीचा अर्ज टेबलावरच होता, माझाच. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. "मग ह्यावर सही होणार नाही. विचार कर. पाच वर्षं घालवलीस."

"नका करू सही," मी म्हणाले. "जागा मी सांगणार नाही. उद्या नाही, सोमवारी नाही, कधीच नाही. मला दुसरा गाईड पाहिजे असा अर्ज आजच देते."

बाहेर आले, रजिस्टर उघडलं आणि माझ्या प्रत्येक ओळीतलं गावाचं नाव निळ्या शाईच्या पेननं गिरवून गिरवून बुजवून टाकलं. कारकून बघत राहिला. मी म्हटलं, "काही विचारायचंय?" तो म्हणाला, "नाही मॅडम."

घरी आईला सगळं सांगितलं. जीपवाल्याचंही सांगितलं, कारण आईपासून काही लपत नाही. ती भाजी निवडत होती.

"तुझ्या बापानं तीस वर्षं साहेबाला हो म्हटलं," ती देठं मोडत म्हणाली. "घरात एकीला तरी नाही म्हणता यायला पाहिजे." मग थोड्या वेळानं, "ड्रायव्हर आहे म्हणजे दारूबिरू...?"

"आई, तो शेंगा मोजतो."

"काय मोजतो?"

"शेंगा."

"बाई बाई," आई म्हणाली. "तुला तुझ्यासारखाच मिळाला."

वाघबारशीच्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाले. गावाच्या वेशीवर वाघदेवाच्या लाकडी फळीला शेंदूर लावला होता, नारळ फुटत होते, गुराखी जमले होते, एकानं अंगावर पट्टे ओढून वाघाचं सोंग घेतलं होतं. तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात भात रटरटत होता. जयराम चुलीपाशी लाकडं सारत होता. त्यानं मला पाहिलं. आणि परत लाकडं सारायला लागला.

मी तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. सगळा गाव बघत होता, बघू दे म्हटलं.

"मी त्यांना पाठवलं नाही," मी म्हणाले. "पण गावाचं नाव मीच रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. सवयीनं. शब्द दिल्यावरही दोनदा लिहिलं, माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे. काय बोलायचं ते बोल."

"माहीत हे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू पाठवलं असतंस तर डोंगराचं नाव सांगून पाठवलं असतंस. त्या माणसाला नुसतं गाव ठाऊक होतं." त्यानं एक लाकूड आत ढकललं. "तवाच कळलं, तू काय सांगितलं नाय."

"मग आत्ता तोंड का फिरवलंस?"

त्याचे कान लाल झाले. "दोन रविवार आली नाय तू."

म्हणजे मी रात्रभर डोळ्याला डोळा न लावता, मला माफ करेल की नाही, म्हणून तळमळत होते, आणि हा बाप्या रुसून बसला होता. मला हसावं की त्याच्या हातातलं लाकूड घेऊन त्याच्याच पाठीत घालावं, कळेना.

पूजा आटपल्यावर आम्ही वर गेलो. पठार आता तपकिरी झालं होतं. सोनकी वाळलेली, गवत कमरेएवढं, त्यातून चंडोल भुर्रकन उडायचे. खरचुडीच्या शेंगा उकलायला लागल्या होत्या. वारा आला की चपटी बी बाहेर यायची, तिच्या डोक्यावरचा रेशमी झुबका फुलायचा आणि ती तरंगत निघून जायची. एक, मग दोन, मग एकदम पाचसहा. एक माझ्या केसांत अडकली. जयरामनं ती काढून फुंकर मारली.

मी त्याला केबिनमधलं सगळं सांगितलं. सही, ड्रॉवर, भोये मग पगारे. त्याचा चेहरा उतरला.

"पाच सालांचं शिक्षण... माझ्यापायी?"

"गैरसमज करून घेऊ नकोस," मी म्हणाले. "ते तुझ्यासाठी नाही सोडलं. ते झाडांसाठी सोडलं. आणि सोडलेलंही नाही, दुसरा गाईड मिळवीन, वर्ष लागलं तर लागू दे." आता थांबले असते तर परत बोलायचं धाडस झालं नसतं. "तुझ्यासाठी आलेय ते वेगळं. मला तू आवडतोस. लग्न करायचं तर तुझ्याशी. आता तू बोल, की लिहूनच देणार आहेस?"

तो हसला. पहिल्यांदा, दात दिसतील असा. मग गंभीर झाला.

"तुझ्या घरचे काय म्हणतील? आम्ही कोकणा, तुम्ही बौद्ध. मी जीप चालवतो."

"आईला सांगितलंय. बाबा ओरडतील. मग मीही ओरडीन. आमच्या घरी तसंच ठरतं सगळं."

"आणि नंतर पस्तावलीस तर?"

"जयराम भोये," मी म्हणाले, "मी विचारलंय ते सोडून सगळं बोलतोयस."

त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. तळवे खरखरीत, गरम. "तू उपटलीस ना ती खरचुडी," तो हळूच म्हणाला, "त्या दिसापास्नंच. राग लय आला होता. पण घरी जाऊन दुसरं काय सुचंना." आणि मग, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात, "हो."

उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. कुसाबाई दारातच होत्या. आमच्या हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ही पोर तंडते लय," त्या जयरामला म्हणाल्या. "सकाळी सगळ्या गावात तंडली."

"हां, आई."

"बरं हे. तू बोलतच नाय." आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी सरळ कोपऱ्यातल्या दहाव्या कॅलेंडरपाशी गेले. जयराम "नको, नको" म्हणेपर्यंत मी त्यावरचा टॉवेल काढला होता. पानं मागं उलटली. गणपतीनंतरच्या त्या दिवशी लिहिलं होतं, 'एक बाई. फुलातली खरचुडी उपटली.' पंधरा दिवसांनी, 'धोबी आला. बाई पण आली.' पुढच्या रविवारी, 'चैताली आली. शेंगा ऐंशी.' त्याच्या पुढच्या रविवारी शेंगांचा आकडा नव्हताच, नुसतं 'चैताली.' मग एक रविवार, 'आली नाही.' दुसरा रविवार, 'आली नाही.' त्याखाली काहीतरी लिहून खोडलेलं होतं. मी डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा प्रयत्न केला, तर त्यानं हात आडवा धरला.

"तिथं काय होतं?"

"चूक होती. खोडली."

आजचा चौकोन कोरा होता. त्यानं कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढं धरली. मी ती घेतली नाही. सॅकमधून माझं पेन काढलं, रजिस्टरमधलं गावाचं नाव ज्यानं बुजवलं तेच, आणि भिंतीला कॅलेंडर दाबून धरून ठळक लिहिलं:

'आली. होळीनंतरही आहे.'

जयरामनं त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"शाईनं लिहिलंस," तो म्हणाला. "आता खोडता नाय येणार."

"म्हणूनच," मी म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.